टेलरबाईंचं नाव सांगा

१२ जून

प्रिय आत्या,

नमस्कार घे, चष्मा लाव आणि निवांत बसून वाच. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून वहिनी तो मोठ्या आवाजावर लावते, आणि मग मी तुला सांगितलेलं दादा, वहिनी आणि भिंतीपलीकडचे शेजारी असे सगळे मिळून ऐकतात. आजचं सांगणं तुझ्यापुरतं आहे.

दुकान बरं आहे. तू मशीन विकून दादाकडे राहायला गेलीस आणि आयत्या बिळावर मी नागोबा होऊन बसले, त्याला आठ महिने झाले. तुझ्या कापायच्या टेबलावर आता गुळगुळीत फरशी आहे, त्यावर मी साखरेचा गोळा लाटते. मशीन होतं तिथे ओव्हन आलाय. अजूनही कुणीतरी कापडाची पिशवी घेऊन आत येतं, मला बघतं आणि ओशाळून एखादा कपकेक घेऊन जातं.

आत्या, मला भाव सांगता येत नाही. काम येतं, भाव येत नाही. समोरचा नुसता श्वास घेतो आणि मी दहा टक्के कमी करते. काल एक बाई मुलीच्या लग्नासाठी तीन मजली केक सांगायला आल्या, त्यावर साखरेची गुलाबं. एकेक पाकळी लाटायची, कडा बोटाने पातळ करायची, सुकवायची, मग जोडायची. तीन दिवस जातात. मी भाव सांगितला. बाईंनी पर्सची चेन उघडून परत लावली. तेवढ्यात मी म्हणून गेले की तुमच्यासाठी कमी करू. कशाला म्हटलं असेन? त्या बहुतेक रुमाल शोधत होत्या.

चौकातला तो दातांचा डॉक्टर, ज्याचे पांढरे कोट तू शिवायचीस, त्याने आईच्या वाढदिवसाचा केक नेला. कायमचं गिऱ्हाईक होईन म्हणत चौथा हिस्सा कमी करून घेतला. पुढच्या आठवड्यात माझी दाढ भरायला गेले आणि धीर करून विचारलं, थोडं कमी होईल का? तो इतका हसला की तोंडावरचा मास्क खाली आला. मी पूर्ण पैसे दिले, वर थँक्यूही म्हटलं.

हसू नकोस, पुढचं हसण्यासारखं नाही. छापखान्याच्या मालकांनी माझी खुर्ची वर्षभर राखून ठेवली आहे. तीस सप्टेंबरपर्यंत येते की नाही ते लिहून कळवायचं. नवऱ्याशी ठरलंय की तोवर एक महिना तरी दुकानाने स्वतःचं भाडं पूर्ण काढलं तर पुढे चालवायचं, नाहीतर ओव्हन विकायचा. आठ महिन्यांत एकदाही निघालेलं नाही. तो टोमणे मारत नाही, गप्प असतो. त्यापेक्षा टोमणे परवडले.

मला छापखान्यात परत जायचं नाही. तिथे मी औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं तपासायची आणि घड्याळ बघायची. इथे घड्याळ बघायला वेळ नसतो. पण हल्ली हात केकवर असतात आणि मन येरझारा घालतं. ओव्हनची घंटी वाजायच्या आत चारदा दार उघडून बघते आणि फुगलेला केक बसवून ठेवते. याच खोलीत तू चाळीस वर्षं बसलीस. तू कशी मागायचीस पैसे? खरं सांग.

तुझी,
ठकी

१९ जून

चि. ठकी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आजीला तेव्हाच म्हटलं होतं, पोरीला ठकी म्हणून हाक मारू नका, जन्मभर ठकेल. माझं ऐकतो कोण.

अगं, भीड भिकेची बहीण. पर्सची चेन वाजली म्हणून भाव उतरवलास, उद्या कुणी शिंकलं तर केक फुकट देशील. मी काय करायची सांगते. भाव सांगून झाला की तोंडात टाचण्या धरायची. चार-पाच टाचण्या ओठांत, मान खाली, हात चालू. तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी कुणी घासाघीस करत नाही. करणार कशी? उत्तरच येत नाही. समोरची दोनदा घसा खाकरते आणि कापड ठेवून जाते.

आणि भाव कागदावर लिहून ठेव. तोंडाला भीड असते, कागदाला नसते. मला एकीने विचारलं होतं, शिलाई थोडी कमी करा ना. म्हटलं, करते, फ्रॉकची एक बाही कमी करते. तसं कर. दाम कमी हवा तर काम कमी. मजला काढ, गुलाबं काढ, पण तेवढाच केक कमी पैशांत नाही. निम्मे पैसे आधी घे, नाहीतर लग्न मोडलं तर तीन मजले तूच खात बसशील.

त्या डॉक्टरला तर मी ओळखून आहे. आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. पण बोलायला गोड हो.

माझं इथे बरं चाललंय. हॉलमध्ये खिडकीजवळ पलंग दिलाय. सून चांगली आहे, मला कशाला हात लावू देत नाही. परवा दादाच्या शर्टाचं बटण तुटलं. मी दोरा ओवून बसले तर म्हणाली, असू द्या आई, तो शर्ट जुनाच झालाय. दादा सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. तिकडची माणसं अधूनमधून फोन करतात, चौकशी करतात, तेवढीच करमणूक. तेव्हा वेळ बरा जातो.

नेट लाव. दुकान बंद करायचं नाव काढू नकोस. त्या खोलीत मी माझं आयुष्य घातलंय, ती बंद झालेली मला बघवणार नाही.

तुझी आत्या

८ जुलै

प्रिय आत्या,

तुझ्या टाचण्यांनी चमत्कार केला. खऱ्या टाचण्या नाहीत हं. केकमध्ये टाचणी निघाली तर भाव सोड, मीच आत जाईन. मी क्रीमच्या पिशवीचं पत्र्याचं नोझल दातांत धरते. भाव लिहिलेला कागद पुढे सरकवायचा, नोझल दातांत, मान खाली. पहिल्या दिवशी लाळ गळाली. दुसऱ्या दिवशी एक बाई म्हणाली, 'एवढे?' मी नोझलमधून 'हं' म्हटलं. तिने कागद पुन्हा एकदा वाचला आणि निम्मे पैसे मोजून ठेवले. ती गेल्यावर मी दार लावून पाच मिनिटं खाली बसले.

लग्नाच्या केकवाल्या बाई परत आल्या होत्या, आणखी कमी होतंय का बघायला. म्हटलं, होतंय की, वरचा मजला काढते. त्यांनी चित्रावर बोट ठेवून मजला झाकून बघितला आणि म्हणाल्या, राहू द्या तसाच. जूनचं भाडं जवळजवळ निघालं. जवळजवळ म्हणजे निघालं नाही, पण इतक्या जवळ कधीच आलं नव्हतं. नवऱ्याने वही दोनदा बघितली आणि परवा आपणहून लोण्याची खोकी आत आणून ठेवली.

आता एक गंमत ऐक. लोकांनी नवीन युक्ती काढलीय. दुकानात यायचं, कागद वाचायचा आणि म्हणायचं, 'टेलरबाईंचं नाव सांगितलं की पाचवा हिस्सा कमी होतो म्हणे.' आतापर्यंत तिघं झाली. पहिल्या दोघींना मी सूट देऊन टाकली, तुझं नाव ऐकून राहवलं नाही म्हणून. तिसरा आला तेव्हा म्हटलं, हे काहीतरी गौडबंगाल आहे. कुणी उठवली असेल ही आवई? तुला बिचारीला तिकडे पत्ताही नाही आणि इथे तुझ्या नावावर फुकट ते पौष्टिक चाललंय. ज्या बाईने जन्मभर टाचण्या तोंडात धरून पूर्ण भाव घेतला, तिचं नाव सूट मागायला वापरतात. मला इतकी चीड आली की त्या दिवशीचं क्रीम जास्त फेटलं गेलं आणि फाटलं. आता तुझं नाव घेणाऱ्याला मी सरळ खोटारडा समजते.

तुझी,
ठकी

१५ जुलै

चि. ठकी,

आशीर्वाद. जूनचं वाचून बरं वाटलं. अशीच राहा.

नाव घेणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. लोक काय, बोलतात. कुणी जुनं माणूस आलं तर तोडून बोलू नकोस म्हणजे झालं. एखाद्याला थोडं कमी केलंस तर आभाळ कोसळत नाही.

तिसरा कोण होता? उंच, खांद्यावर पिशवी, असा होता का? कळव.

डोळ्यांना पाणी येतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझी आत्या

२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

डोळे दाखवून घे. आणि हे कसलं पत्र? आधीच्या पत्रात भीड भिकेची बहीण आणि या पत्रात आभाळ कोसळत नाही. वहिनीने लिहून दिलं की काय? हो, तो उंच होता, खांद्यावर पिशवी होती. तुला कसं कळलं?

ते राहू दे. काल मी जे केलं ते तुला आवडेल.

मुलींच्या शाळेच्या हेडबाई आल्या होत्या, जिचे गणवेश तू शिवायचीस त्या शाळेच्या. निवृत्त झाल्यात, पण अजून दुकानात शिरल्या की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला होडीच्या आकाराचा केक हवा होता. शीड, वल्ही, खाली निळ्या लाटा. कागद वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, 'टेलरबाईंशी माझं बोलणं झालंय. पाचवा हिस्सा कमी.'

दुकानात आणखी दोन बायका होत्या, दोघी कान टवकारून. मी हेडबाईंना सूट दिली असती तर दोघींना द्यावी लागली असती, आणि उद्या साऱ्या रस्त्याला. मी नोझल काढलं आणि म्हटलं, 'हेडबाई, माझ्या आत्याने चाळीस वर्षं पूर्ण भाव घेतला. ती असं सांगणारच नाही. तिच्या नावावर खोटं बोलू नका.'

 त्यांनी चष्मा घातला, छत्री उचलली आणि त्या गेल्या. त्या दोघींनी चकार शब्द न काढता पूर्ण भावाने केक सांगितले. हेडबाईंना खोटं बोलू नका म्हणणारी आपल्या घराण्यात मी पहिलीच असेन. रात्री जेवण गेलं नाही, पण ते भीतीने नाही, कसल्यातरी आनंदाने. तुझं नाव राखलं असं वाटलं.

जुलैचं भाडं एका केकने चुकलं. फक्त एका केकने.

तुझी,
ठकी

२० ऑगस्ट

आत्या,

अठरा दिवस झाले, तुझी ओळ नाही. फोन केला तर वहिनी म्हणते, आई झोपल्यात. सकाळी अकराला? तू जन्मात कधी दिवसा झोपली नाहीस. दादा म्हणतो तब्येत ठीक आहे, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

माझं कशात लक्ष लागत नाही. या आठवड्यात तीन केक खालून लागले, एकात साखर दोनदा घातली. दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन पोस्टमन दिसतो का बघते. हेडबाई परवा समोरून आल्या आणि दुकान यायच्या आत रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. ऑगस्टचं काही खरं नाही.

माझं काही चुकलं का? एक ओळ लिही. शिवी लिहायची असेल तर शिवी लिही.

ठकी

२७ ऑगस्ट

चि. ठकी,

तुझं काही चुकलं नाही. शिवी द्यायचीच तर मला दे.

तू हेडबाईंना बोललीस त्याच दिवशी त्यांचा फोन आला. सगळे जेवायला बसलो होतो. सुनेने नेहमीसारखा फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला. हेडबाई म्हणाल्या, 'टेलरबाई, तुमच्या भाचीने मला चारचौघांत खोटारडी म्हटलं. तुम्ही सूट सांगितली होती की नाही, एवढंच सांगा.' मी म्हटलं, ऐकू येत नाही. त्यांनी परत विचारलं. मी नुसती हॅलो हॅलो करत राहिले आणि फोन बंद केला. मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. दादाने मान वर केली नाही. सुनेने माझ्या वाडग्यात सूप वाढलं.

ठकी, मीच सांगितलं होतं. हेडबाईंना, त्या उंच माणसाला, सगळ्यांना मीच सांगितलं. माझं नाव सांगा, भाची पाचवा हिस्सा कमी करेल.

का, ते तुला सांगायला हवं. इथे मला काही काम नाही. बटण लावायचं नाही, भाजी चिरायची नाही. दुपारभर खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना बघते. मग तिकडून कुणाचा फोन येतो. बोलता बोलता तुझ्या दुकानाचा विषय निघतो आणि ते म्हणतात, तुम्ही शब्द टाकलात तर होईल. आणि मी म्हणते, होईल की. ते मोठ्या आवाजावर असतं. साऱ्या घराला ऐकू जातं की तिकडे अजून माझा शब्द चालतो. त्या वेळी माझी मान जरा वर होते. फोन ठेवला की तुझा विचार येतो आणि मी तो बाजूला सारते. एकाला सांगितलं, मग त्याने दुसऱ्याला सांगितलं. फोन वाढले. मला ते आवडलं.

आणि टाचण्यांचंही सांगून टाकते, आता झाकून काय उपयोग. टाचण्या तोंडात असायच्या हे खरं, पण त्या भाव सांगून झाल्यावर धरलेल्या नसायच्या. आधीपासूनच असायच्या. मी भाव कधी सांगितलाच नाही. गिऱ्हाईक विचारायचं किती झाले, मी टाचण्यांतून म्हणायची, द्या काय द्यायचं ते. लोक द्यायचे काय द्यायचं ते. त्या बाहीची गोष्टही मी मनात म्हटलेली आहे, तोंडावर कधी म्हटली नाही. सगळे म्हणायचे, टेलरबाई म्हणजे देवमाणूस. देवमाणसाला चाळीस वर्षांनी मुलाच्या हॉलमध्ये पलंग मिळाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

तू विचारलंस तेव्हा मला खरं लिहिता आलं नाही. मी जशी व्हायला हवी होते तशी लिहिली. तू ते खरं धरून चालायला लागलीस आणि तुला जमलंसुद्धा. मग मला आणखीच बोलवेना.

माझ्यावर राग धर. हेडबाईंवर धरू नकोस, त्या खरं बोलत होत्या.

आत्या

९ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

हेडबाईंच्या घरी गेले. दार उघडून त्यांनी मला उभीच ठेवलं. मी माफी मागितली. म्हणाल्या, 'मी शाळेत पोरींसमोर कधी खोटं बोलले नाही, तुझ्यासमोर कशाला बोलू?' मग आत बोलावलं, पाणी दिलं. होडीचा केक दुसरीकडून आणला होता, त्याचा फोटो दाखवला. होडी कसली, चप्पल होती ती. मी हसू दाबलं तर त्याच हसल्या. पण मी घरी आले आणि रडले. म्हाताऱ्या बाईला मी खोटारडी म्हटलं, आणि ते तुझं नाव राखायला.

मला तुझा राग आला आहे, आत्या. फार राग आला आहे. तुझ्या नावाने सात केक गेले, दोन स्वस्तात आणि पाच सूट नाही म्हटल्यावर दुसरीकडे. जुलैचं भाडं एका केकने चुकलं होतं. तू एक फोन कमी घेतला असतास तर मी आज छापखान्याला कळवून मोकळी झाले असते. तू खिडकीत बसून असतेस हे वाचून जीव तुटला, आणि तरीही राग आला. दोन्ही एकदम होतं. मी दिवसभर दुकानात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत असते. नवरा विचारतो काय झालं, मी म्हणते केक फुगला नाही. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

ऑगस्ट बुडाला. आता फक्त सप्टेंबर उरलाय. परवा तो दातांचा डॉक्टर आला. दवाखान्याला पंधरा वर्षं होतायत, पंचवीस तारखेला समारंभ, दीडशे माणसं. केक दाढेच्या आकाराचा. लोकांना साखर खाऊ घालून स्वतःचंच गिऱ्हाईक वाढवतोय, म्हणून मी मनात हसले. कागद पुढे सरकवला. त्याने वाचला आणि गोड आवाजात म्हणाला, एवढं मोठं काम, पाचवा हिस्सा तरी कमी करा, टेलरबाईंशी बोलू का?

आकडा माझ्या डोक्यात तयार होता. पूर्ण भावाने हा केक गेला तर सप्टेंबरचं भाडं निघून थोडं वर उरतं. पाचवा हिस्सा कमी झाला तर निघत नाही. दाढेतून मजला काढता येत नाही, दाढ ती दाढच. मी नोझल काढलं आणि म्हटलं, 'बोला. त्या हो म्हणाल्या तर कमी करीन. नाही म्हणाल्या तर पूर्ण द्यायचे.' तो खूश होऊन गेला.

तो गेल्यावर मी कपाळाला हात लावला. हे मी रागात केलं. हात दाखवून अवलक्षण. तरी शब्द मागे घेत नाही. तू त्याला काय सांगशील ते मी करीन. पाचवा हिस्सा म्हणालीस तर पाचवा हिस्सा, आणि ओव्हन विकीन. ही धमकी नाही. तुला नाही म्हणता येतं की नाही हे मला खरंच माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय माझे पाय थांबणार नाहीत.

डोळ्यांचं काय झालं?

ठकी

१७ सप्टेंबर

चि. ठकी,

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

डॉक्टरचा फोन रविवारी दुपारी आला. दादा घरी होता, सुनेची आई आली होती. सुनेने फोन मोठ्या आवाजावर लावला आणि माझ्यासमोर ठेवला. डॉक्टरने आधी तब्येत विचारली, मग कोटांची आठवण काढली, माझ्या हातचे खिसे कसे कधी उसवले नाहीत ते सांगितलं. सुनेची आई कौतुकाने ऐकत होती. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग तो केकवर आला. म्हणाला, तुमच्यावर सोडलंय भाचीने, टाका शब्द.

तुझं पत्र उशीखाली होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला एकदम वाटलं, म्हणावं ऐकू येत नाही. ओठांवर आलंसुद्धा. सून माझ्याकडे बघत होती, फोनकडे नाही. मी म्हटलं, 'डॉक्टर, नाही.'

तो हसला. म्हणाला, थोडं तरी. मी म्हटलं, पूर्ण पैसे द्या, मुलीला तीन दिवस लागणार आहेत. तर म्हणाला, 'टेलरबाई, तुमच्या शब्दाला मान आहे म्हणून तुम्हाला फोन केला.'

म्हटलं, 'मग मान ठेवा. हाच माझा शब्द आहे.'

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं आता खरंच ऐकू येईनासं झालं. सुनेला खुणेने विचारलं, आहे का फोनवर? तिने मान डोलावून हो म्हटलं. मग तो म्हणाला, बरं, पूर्ण. आणि म्हणाला, तुम्ही तिकडे जाऊन बदललात. अच्छा न म्हणता फोन ठेवला. आता तो फोन करणार नाही. आणखीही काही जण करणार नाहीत. चार दिवस झाले, फोन वाजलेला नाही, आणि मला ते बोचतं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

सुनेची आई गेल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आई, तुम्हाला चांगलं ऐकू येतं की. मी मान खाली घातली. ती उठली नाही, तिथेच बसून राहिली. मग मीच हेडबाईंचा नंबर लावायला सांगितला आणि म्हटलं, मोठ्या आवाजावरच ठेव. जे सांगायचं होतं ते सांगितलं, दादासमोर. हेडबाईंनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या की उशिरा सांगितलंत.

ठके, त्या खोलीत बसून चाळीस वर्षांत जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते रविवारी निघालं. एक 'नाही' मी म्हटलं. आता छापखान्याच्या मालकांना दुसरं 'नाही' तू लिही, आणि पाकिटात घातल्यावर परत काढून वाचू नकोस.

तुझी आत्या